फुग्याचं बाक

४ मार्च, मंगळवार

माझ्या बाकावर कोणीतरी बसलंय!

बाक नगरपालिकेचं आहे, मान्य. पण तिथं बाक हवं म्हणून अर्जावर अर्ज कोणी केले? मी. त्याचं तोंड ट्रॅमच्या स्टॉपकडे हवं, फ्राइजच्या दुकानाकडे नको, यावरून त्या टायवाल्या साहेबाशी कोण भांडलं? मी. खुब्याचं हाड बदलल्यापासून बाजारातून घरी येताना मी तिथं टेकते, आणि मगच पुढं जाते. अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

आज बघते तर एक लंबूटांग पोरगा. दोन्ही हात पसरून, दोन्ही पाय पसरून. अंगात काळं जॅकेट – असं फुगलेलं की टाचणी लावली तर फुस्स होऊन आभाळात जाईल. ओठावर मिशीची नुसती अफवा. सूर्यफुलाच्या बिया फोडतोय आणि टरफलं थू थू करून जमिनीवर.

मी म्हटलं, "जरा सरकतोस का रे?"

म्हणाला, "जागा बुक आहे, बाई."

बुक आहे! आयुष्यभर बाजारात मासे विकले मी. माझ्या आवाजानं पलीकडच्या गल्लीतली कबुतरं उडायची. आणि आज तोंडातून शब्द फुटला नाही. पिशवी घेऊन तशीच लंगडत घरी आले.

नाव ठेवलंय त्याचं – फुगा.

५ मार्च, बुधवार

फुगा आजही होता. टरफलंही.

७ मार्च, शुक्रवार

कोबाला सांगितलं. कोबा म्हणजे खालच्या मजल्यावरची. बॅटरीच्या तिचाकी गाडीवरून फिरते आणि भेटेल त्याला स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट सांगते. मी तक्रार करत होते तर ती फुग्याचीच बाजू घ्यायला लागली!

"अगं प्लोनी, किती दिलदार पोरगा आहे! शाळा सुटली की लहान पोरांना फ्राइज खाऊ घालतो. वर मेयोनीज वेगळं. फ्राइजवाला तोन तर खूश आहे."

मग मी खिडकीत बसून बघितलं. नीट बघितलं.

सगळ्यांना नाही खाऊ घालत तो. आई घ्यायला आलेल्या पोरांकडे बघतही नाही. ट्यूशनला पळणारी पोरं – नाही. घरी गेलं तर दार उघडायला कोणी नाही, म्हणून स्टॉपवर रेंगाळणारी जी पोरं असतात ना, तेवढीच. बरोब्बर तेवढीच. पहाटे घाऊक बाजारात मी मासे निवडायची – कल्ला उचलायचा, डोळा बघायचा, हा घ्यायचा, तो ठेवायचा. तसा हा पोरं निवडतो.

चहा गार झाला तरी उठवेना.

११ मार्च, मंगळवार

हिद्देला गाठलं. हिद्दे आमच्या वस्तीचा पोलीस. इतका उंच आहे की सायकलवर बसला तरी कोणीतरी शिडी फिरवतंय असं वाटतं. पोरगा चांगला. हल्ली बंदरातल्या कंटेनरांमधून माल काढायला, इकडची पिशवी तिकडे न्यायला टोळ्या पोरं वापरतात हे मला त्यानंच सांगितलं होतं. पोरं पकडली गेली तरी शिक्षा कमी, आणि त्यांची वरच्या कोणाशी ओळखही नसते. आधी खाऊ, मग बूट, मग फोन. मग धमकी.

मी म्हटलं, "मग हा फुगा तेच करतोय ना?"

"असेल. नजर आहे आमची. पण प्लोनीबाई, बाकावर बसणं हा गुन्हा नाही. फ्राइज देणं हाही नाही. पुरावा नको का?"

"बाकावर बसणं गुन्हा नाही?"

"नाही."

"कोणीही बसलं तरी?"

"कोणीही."

"कितीही वेळ?"

इथं त्याच्या लक्षात आलं बहुतेक. सायकल थांबवून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "प्लोनीबाई, काही वेडंवाकडं करू नका हं." मी म्हटलं, मी? सत्तरी उलटलेली बाई मी! नुसती बसणार.

१२ मार्च, बुधवार

बसलो!

शाळा सुटायच्या आधीच जाऊन बाक धरलं. मी एका टोकाला, लेन दुसऱ्या टोकाला, मध्ये माझी विणकामाची टोपली. समोर कोबाची गाडी आडवी. लेन म्हणजे वरच्या मजल्यावरचा म्हातारा. क्रेन चालवायचा बंदरात. दोन्ही कानांनी बहिरा. मशीन आहे, पण ते चहाच्या किटलीसारखं शिट्टी मारतं म्हणून बहुतेक वेळ खिशात.

फुगा आला. बघितलं. म्हणाला, "इथं मी बसतो."

मी म्हटलं, "बुक आहे."

आहाहा! या दोन शब्दांसाठी किती रात्री कुशी बदलत होते मी!

गेला नाही मात्र. कुंपणाला टेकून उभा राहिला. दोन पोरं त्याच्याजवळ आली. फुगा वाकून एकाच्या कानात कुजबुजला. तेवढ्यात लेननं मशीन कानात घातलं, शिट्टी वाजली, आणि तो आरोळी मारून म्हणाला, "काय? पाकीट? संध्याकाळी कसलं पाकीट आणायचंय?"

सगळा स्टॉप वळून बघायला लागला. फ्राइज तळता तळता तोनही बाहेर आला. पोरं पसार.

"काही नाही, आजोबा," फुगा दातओठ खाऊन म्हणाला.

"हां? कुठून आणायचंय?" लेन.

त्याला दिसतं सगळं, ऐकू येत नाही, आणि जेवढं ऐकू येतं तेवढं तो गावाला सांगतो. असा माणूस पोलिसांकडे तरी आहे का? घरी येऊन त्याला वाटाण्याचं दाट सूप वाढलं, सॉसेज घालून. माझ्या वाटणीचं सॉसेजही दिलं.

१४ मार्च, शुक्रवार

पद्धत बसली आता. पोर फुग्याजवळ गेलं की कोबा गाडी घेऊन तिथं. "तुला माहिती आहे का बाळ, माझं पित्ताशय काढलं तेव्हा काय झालं?" पहिल्या टाक्यापर्यंत पोर उभं राहतं. पू आला की पळतं. फुकटचे फ्राइज सोडून पळतं!

फुग्याला मात्र पळता येत नाही. त्याला तिथंच उभं राहायचं असतं. त्यामुळे तो रोज ऐकतो. आज मी त्याला विचारलं, "जेवलास का रे?" तर म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" मी डब्यातली सफरचंदाची वडी पुढे केली. नको म्हणाला. कुंपणावर ठेवून मी परत येऊन बसले.

थोड्या वेळानं बघितलं तर वडी नव्हती. कावळ्यानं नेली असेल.

१८ मार्च, मंगळवार

वारा इतका बोचरा की कोबानं गरम पाण्याची पिशवी पोटावर बांधून आणली, आणि ती फुटली. तिला घरी पाठवली. फुगा जवळ येऊन म्हणाला, "त्या आज गेल्या लवकर?" मी म्हटलं, का, बरं वाटलं? तर म्हणतो, "नाही... ते डॉक्टर मग परत आत गेले का, एवढंच विचारायचं होतं." म्हणजे गोष्ट ऐकतोय! हसू दाबता दाबता माझे टाके चुकले.

२० मार्च, गुरुवार

हसू जिरलं.

शेजारची ईदालिना धाडकन माझ्या दारात. हातात बादली. ही मूळची केप व्हर्द बेटांवरची. आयुष्य ऑफिसांच्या फरश्या पुसण्यात गेलं, अजून पुसते. दुपारी जाते ती सात वाजता येते. मुलगी प्रवासी जहाजावर कामाला, म्हणून नात हिच्याकडे. जासिरा. तेरा वर्षांची, हुशार, तोंडाळ. मला ओमा प्लोनी, म्हणजे प्लोनीआजी, म्हणते आणि माझ्या स्वेटरच्या रंगावरून माझी टर उडवते.

ईदालिनाची दाढ दुखत होती म्हणून ती आज लवकर घरी आली. तर पोरगी कॉटवर लोळत फोनवर. नवाकोरा! ईदालिनाच्या स्वतःच्या फोनची काच रबरबँड लावून धरलेली.

"कुठून आणलास म्हणाले. तर म्हणे मैत्रिणीनं दिला. मी म्हटलं, कुठली मैत्रीण? मग म्हणे, स्टॉपवरच्या त्या दादानं."

"मग?"

तिनं बादली पुढे केली. काळंभोर पाणी, वर फेस, तळाला फोन.

"शैतानाची वस्तू माझ्या घरात नको! बुडवला!"

मी टाळ्याच वाजवल्या. तिला खुर्चीत बसवलं, दाढेखाली लवंग दिली. दोघी त्या बादलीकडे बघत बसलो. मासा गळाला लागल्यासारखा आनंद.

पण मला एक कळत नाही. आम्ही रोज बाकावर असताना फोन दिला कधी? मग लक्षात आलं. आम्ही बसायच्या आधीच दिला होता. आठवडाभर पोरगी आमच्या समोरून हसत जात होती आणि फोन दप्तरात.

२१ मार्च, शुक्रवार

जासिरा बोलत नाही माझ्याशी. लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कोबा म्हणते, होतं असं या वयात. मीही तसंच म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

एक राखाडी गाडी आली. हळू. फुग्याजवळ थांबली, काच खाली. आतल्या माणसाचं मला नुसतं मनगट दिसलं, जाडजूड, सोन्याची साखळी. तो काहीतरी बोलला आणि हात बाहेर काढून फुग्याच्या गालावर थापट्या मारल्या. थापट्याच, पण जोरानं. फुगा हसत होता. असलं हसू मी बाजारात बघितलंय – मालक सगळ्यांसमोर अपमान करतो तेव्हा नोकर हसतो तसं.

मग त्या माणसानं आमच्याकडे बोट दाखवलं.

कोबानं काय करावं? गाडी घेऊन सरळ त्या राखाडी गाडीच्या पुढ्यात! हॉर्न वाजवला त्यानं. कोबा म्हणाली, "ऐकू येत नाही!" आणि लेनकडे बोट दाखवलं. लेननं टोपी काढून नमस्कार केला. गाडीवाला उलटा फिरून गेला.

आम्ही विजयी वीर. दुकानात जाऊन तोनकडून तिघांनी फ्राइज घेतले. आमचे आम्ही.

२५ मार्च, मंगळवार

कोबाच्या गाडीची तिन्ही चाकं सुरीनं कापली. दारातच. आज पहिल्यांदा कोबा पित्ताशयाबद्दल बोलली नाही.

२६ मार्च, बुधवार

हिद्दे येऊन गेला. राखाडी गाडीची त्यानं सविस्तर माहिती घेतली. नंबर लेनला पाठ होता. क्रेनवर कंटेनरांचे नंबर बघायची सवय. मग हिद्दे म्हणाला, "आता बास. ही माणसं खेळत नाहीत. घरी बसा." कोबानं चाकं बदलून घेतलेली होती. म्हणाली, "घरी बसले तर चाकं बदलली कशाला?"

मला खरं सांगायचं तर भीती वाटली. रोजनिशीत लिहायला काय हरकत आहे? वाटली.

२७ मार्च, गुरुवार

कोट न काढताच लिहायला बसलेय. अक्षर असंच येणार.

दुपारी आम्ही बाकावर गेलो. शाळा सुटायला वेळ होता. फुगा आधीच तिथं. बिया नाहीत, काही नाही. आम्हाला बघून उभा राहिला.

"आज इथं बसू नका."

"का रे? बुक आहे?"

"स्टॉपवर जाऊन बसा. तिकडे... तिकडे ऊन आहे."

आभाळ तर काळं कुळकुळीत! कोबा भडकली. "आम्हाला हाकलतोस? चाकं कापून पोट भरलं नाही?"

"जा ना, ओमा! आत्ता जा!" ओरडताना त्याचा आवाज मध्येच चिरकला, कोंबड्यासारखा.

मी काठी उगारणार तेवढ्यात कोबा म्हणाली, "लेन कुठाय?" लेनला सगळ्यातला फक्त 'ऊन' हा शब्द ऐकू आला होता. तो केव्हाच स्टॉपकडे निघाला होता. मग काय, त्याच्यामागून आम्ही.

स्टॉपवर जासिरा! शाळेच्या वेळेत. हातात काळी स्पोर्ट्सची बॅग, इतकी जड की ती वाकडी झाली होती. मला बघितलं आणि चेहरा पांढराफटक. ट्रॅम येत होती.

"जासिरा, कुठं निघालीस?"

"ओमा, तू जा. प्लीज. काही विचारू नकोस."

ट्रॅमची दारं उघडली. ती चढली. मागच्या दारानं टोपीवाला एक माणूस चढला. आधीपासून स्टॉपच्या खांबाआड उभा असणार. तिच्यावर नजर. ट्रॅम सुटली असती तर पुढच्या स्टॉपनंतर मेट्रोचं जंक्शन, तिथून ती कुठल्या गावी गेली असती देव जाणे.

मी ओरडले, "कोबा, दार!"

कोबानं तिचाकी पूर्ण जोरात दारात घातली. पुढचं चाक आत, मागची दोन बाहेर. दार मिटायला येई, गाडीवर आपटे, परत उघडे. ट्रॅमवाली बाई उठून आली. "बाई, गाडी मागे घ्या!"

"घेतेय की!" कोबा म्हणाली आणि हॉर्न दाबला.

"हा हॉर्न आहे!"

"हो का? नवीन आहे गाडी." सात वर्षं जुनी आहे गाडी!

मी कोपऱ्यात जाऊन हिद्देला फोन लावला. तोवर लेन आत शिरला. मी आजवर त्याला नाटक करताना कधी बघितलं नव्हतं. छातीवर हात ठेवला, "आई गं" म्हणाला. मग अंगातला कोट काढला, नीट घडी केली, जमिनीवर ठेवला, आणि त्यावर डोकं ठेवून मेला.

हसावं की रडावं! एक बाई म्हणालीसुद्धा, "हे पडले की झोपले?"

पण जासिराला हे काही दिसलं नाही. तिला दिसलं, लेन आजोबा पडले. बॅग टाकली आणि गुडघ्यांवर बसली. "आजोबा! डोळे उघडा! ओमा, अँब्युलन्स! यांचं मशीन कुठाय?" त्याच्या सगळ्या खिशांत हात घालून ती मशीन शोधायला लागली, म्हणजे त्याला तिची हाक ऐकू येईल. टपाटपा पाणी डोळ्यांतून.

टोपीवाला पुढे आला. तिचा दंड धरला. "चल. बॅग उचल. दुसरी ट्रॅम बघू."

आणि मेलेल्या लेननं त्याचा पाय धरला! दोन्ही हातांनी. क्रेनवाल्याची पकड ती. तो माणूस झटकतोय, लेन फरशीवर फरफटत चाललाय, पण सोडत नाही. वर आरोळ्या, "काय? कसली बॅग? कुणाची बॅग?" सगळी ट्रॅम उठून उभी. फोन निघाले लोकांचे. माणसानं टोपी खाली ओढली, हिसका मारून पाय सोडवला आणि मागच्या दारानं उडी टाकून पळाला. त्याचा एक बूट लेनच्या हातात.

जासिरा माझ्या कमरेला मिठी मारून इतकी रडली की माझा नवा खुबा दुखायला लागला. "मला घरी जायचंय," एवढंच म्हणत होती.

हिद्दे आला. तेही सायकलवरच. बॅग उघडून बघितली, लगेच बंद केली. आत काय होतं कोणाला सांगितलं नाही. पण सोबतच्या पोलिसाच्या कानात जे पुटपुटला ते नेमकं लेनला ऐकू आलं. असू दे. इथं नाही लिहीत.

२८ मार्च, शुक्रवार

हिद्दे रागावायला आला होता. रागावलाही. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" मग सफरचंदाचा केक ताटलीभर संपवला.

बरोबर मार्लूस नावाची बाई होती, मुलांच्या संरक्षणाचं काम बघणारी. टेबलाशी नाही बसली. जासिराबरोबर जमिनीवर बसली, माझी लोकर गुंडाळत. पोरगी हळूहळू बोलली. फोन बुडाल्यावर शाळेच्या वाटेवर निरोप मिळाला. फोन आमचा होता, तू खराब केलास, आता एक खेप टाकावी लागेल. नाही टाकलीस तर तुझी आजी कुठल्या ऑफिसात, कुठल्या दारानं जाते ते आम्हाला माहीत आहे.

ईदालिना ऐकत होती. एकदम म्हणाली, "म्हणजे बादली मीच भरली." आणि उठून रिकाम्या ताटल्या विसळायला लागली.

टाळ्या मी वाजवल्या होत्या ना.

मार्लूस म्हणाली, "दोष ज्यांनी फोन दिला त्यांचा. बादलीचा नाही." जासिरावर गुन्हा नाही लावणार. तिला वापरलंय, ती गुन्हेगार नाही, असं तिनं दोनदा स्पष्ट सांगितलं, एकदा पोरीकडे बघून आणि एकदा हिद्देकडे बघून.

सगळे गेल्यावर लेन म्हणाला, "त्या पोरानंच आपल्याला तिकडे पाठवलं."

"कोणत्या?"

"फुगा गं. ऊन कुठं होतं काल?"

कोबा म्हणाली, योगायोग. मीही योगायोगच म्हणणार होते. पण तो चिरकलेला आवाज कानातून जाईना.

३ एप्रिल, गुरुवार

ईदालिना आणि जासिरा समुद्राकडच्या गावात गेल्या, ईदालिनाच्या बहिणीकडे. प्रकरण निवेपर्यंत. जाताना जासिरा म्हणाली, "ओमा, त्या मोरपंखी स्वेटरमध्ये माझ्यासमोर येऊ नकोस परत." म्हणजे पोरगी सावरतेय. दार लावून घेतलं आणि मग रडले.

राखाडी गाडीवाला पकडला गेला. बाक मोकळं. कोबा म्हणते तरी बसायचंच, सवय मोडायला नको.

हिद्देला फुग्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, दिसला नाही कुठं. नाव काय त्याचं?

आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नाही. जेवलास का विचारलं, थंडी वाजते का विचारलं, पित्ताशय अख्खं सांगितलं. नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

येताजाता कुंपणाकडे बघते. कुंपण आहे.

२६ एप्रिल, शनिवार

राजाचा वाढदिवस! सगळा रस्ता राजघराण्याच्या नारिंगी रंगात. पोरांनी फुटपाथवर चादरी टाकून जुनी खेळणी विकायला काढली, तशी आम्हीही बाकासमोर चादर टाकली. माझं विणकाम, लेनची जुनी टोपी, कोबाच्या बरण्या.

जासिरा आली होती आजीबरोबर! केसांना नारिंगी रंग. आली तीच ओरडत, "काय किंमत लावलीय ही! ओमा, तुला बाजारात कोणी ठेवलं होतं?" माझ्याच चादरीवरून मला उठवलं आणि विकायला बसली. मोरपंखी स्वेटर एका जर्मन प्रवाशाच्या गळ्यात मारला. वर त्याला म्हणाली, फॅशन आहे इथली.

मग कोबाची किंकाळी. तिनं पित्ताशयातले खडे एका बरणीत जपून ठेवलेत. ती बरणी चुकून विकायच्या बरण्यांत आली होती आणि एक बाई त्यावरून घासाघीस करत होती! "हे कुठल्या किनाऱ्यावरचे खडे?" म्हणून विचारत होती. लेन ओरडला, "कोबाच्या पोटातले!" बाई बरणी ठेवून जी गेली!

जासिरा हसून हसून चादरीवर आडवी. ईदालिना तोंडावर हात ठेवून हसत होती, दाढ काढलेली दिसू नये म्हणून. ट्रॅमवालीनं जाताना आम्हाला बघून घंटा वाजवली.

कितीतरी दिवसांनी असा दिवस. पाय सुजलेत. सुजू देत.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी दाराची घंटा. फुगा.

जॅकेट नव्हतं. नुसता टीशर्ट, त्यात हाताच्या काड्या. एक डोळा सुजून मिटलेला. म्हणाला, "थोडा वेळ आत बसू का?"

बसवलं. नाव विचारलं. येले. वय विचारलं. अठरा म्हणाला. मी त्याच्या मिशीच्या अफवेकडे बघितलं. मग म्हणाला, चौदा. बारा वर्षांचा असताना बालगृहाच्या फाटकावरून नेला त्याला टोळीनं.

हिद्देला फोन लावला. तो दचकलाच. "काय झालं? जासिरा बरी आहे ना?"

म्हटलं, "ती बरी आहे. तू ये, आणि मार्लूसला घेऊन ये. अजून एक मूल आहे."